दारात ठेवलेला कॉम्प्युटर

भाऊजी,

तुम्ही गेलात आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे मागाहून कोणी वाकडं बोलायला नको. शेवटचे चार-सहा महिने तुम्ही एकेक श्वास विहिरीतून पाणी काढावं तसा ओढून आणत होतात. खोलीतलं ते ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घरघरायचं आणि मी पोळ्या लाटत असले तरी माझा कान त्याच्याकडेच असायचा. आता मशीन परत गेलं. घर शांत झालं. त्यानंतर एका दुपारी मी आडवी झाले ती चहाच्या वेळेलाच उठले. सून घाबरून दोनदा डोकावून गेली म्हणे. तिला वाटलं, आता ही पण गेली.

रडले का म्हणाल तर रडले. गल्लीतल्या बाया "रडून घ्या हो काकू" म्हणून सांगायला आल्या, तोवर माझं रडून झालं होतं. मग मी त्यांच्यासाठी चहा ठेवला. त्यांना ते आवडलं नसावं.

तुमचा जन्म कुठे, शिक्षण काय, मागे कोण कोण, हे माझ्या संजयने पेपरात दिलंय. पोटच्या पोरासारखं सगळं केलं त्याने. काकाचं केलं असं कुठे दिसलं नाही. मला ते सगळं लिहायचं नाही. मला आपल्या कॉम्प्युटरबद्दल लिहायचं आहे, आणि रेखाबद्दल.

तुमचे दादा, माझे मालक, गेले तेव्हा संजय शाळेत जायला लागला होता आणि तुम्ही अकोल्यात लग्नांचं शूटिंग करत होतात. साऱ्या जिल्ह्याची लग्नं तुम्ही उभ्याने पाहिली, स्वतःचं केलं नाही. कॅसेटी जोडायला, गाणी टाकायला तुम्ही दुसऱ्याकडे द्यायचात आणि तो महिना-महिना लावायचा. गिऱ्हाईक शिव्या द्यायचं तुम्हाला. मग तुम्ही कॉम्प्युटर घेतला आणि एका सकाळी मला त्याच्यासमोर बसवलं.

"मले नाई जमत," मी म्हटलं. "मी चौथी शिकलेली बाई."

"वैनी, गहू निवडता येते ना तुमाले?"

"येते."

"मंग झालं. खडे फेकाचे, गहू ठेवाचे. यालेच मिक्सिंग म्हनते."

इंग्रजी मला आजही वाचता येत नाही. पण कात्रीचं चित्र म्हणजे कापणे आणि फुलीचं चित्र म्हणजे फेकणे, एवढं कळायला इंग्रजी कशाला लागतं. पंगतीत तोंडात घास असलेली माणसं मी कापायची. मांडवात भांडण झालं असेल तर ते कापायची. नवरीची आई कोपऱ्यात डोळे पुसते, ते ठेवायची.

कॉम्प्युटर नवा आला तेव्हा त्याला स्वतःला काही येत नव्हतं. कॅसेट लावली तरी त्याला दिसत नव्हती. मग तुम्ही नागपूरहून एक कार्ड आणलं. पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं, हिरवं, एका काठाला सोनेरी दात. डब्याचा पत्रा काढून आतल्या लांब खाचेत ते बसवलं आणि कॅसेटमधलं लग्न पडद्यावर आलं. पण मुकं. माणसं तोंडं हलवतात, बँडवाला गाल फुगवतो, आणि आवाज काही नाही. त्या कार्डाला चित्रच घेता येत होतं. मग आवाजासाठी दुसरं कार्ड आणलं, शेजारच्या खाचेत बसवलं. चित्र एकातून आत यायचं, आवाज दुसऱ्यातून. पुढे तिसरं आणलं. त्याच्यामुळे कॉम्प्युटरने नवरा-नवरीवर टाकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या हवेत अडखळायच्या थांबल्या. एकेक कार्ड बसत गेलं तसं त्या डब्याला एकेक काम येत गेलं.

मला तुम्ही ते बसवायलाही शिकवलंत. आधी लोखंडी कपाटाला हात लावायचा, मग कार्डाला, म्हणजे अंगातली वीज त्याला लागत नाही. सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. ते काळवंडले तर पोरांच्या खोडरबरने पुसायचे. खाचेत धरून दोन्ही अंगठ्यांनी सारखं दाबायचं. दात दिसेनासे झाले की बसलं.

मी दरवर्षी म्हणायची, नवा कॉम्प्युटर घ्या. तुम्ही दरवर्षी म्हणायचात, "खाचा रिकाम्या हायेत न अजून. काहून नवा घ्याचा?" हे भांडण आपलं मिटलं नाही. मी अजूनही म्हणते, घ्यायला पाहिजे होता.

आणि तो तुम्ही ठेवला कुठे, तर दुकानाच्या दारात. मागची खोली थंड होती, तिथे कूलर होता. पण नाही. रस्त्याला लागून काचेचं दार, त्याच्या आत टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि त्यासमोर मी. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. डबा इतका तापायचा की मध्येच बंद पडायचा. म्हणून मी त्याचं बाजूचं झाकण काढून पंखा लावायची. तुम्ही शूटिंगवरून आलात की पहिलं वाक्य ठरलेलं.

"वैनी, झाकन लावा. धूळ जाते आत."

"तापून बंद पडते त्याचं काय?"

"धुळीनं मरन तो."

"मंग मागच्या खोलीत न्या."

"गिऱ्हाइकाले दिसाले पायजे," तुम्ही म्हणायचात, आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावायला निघून जायचात.

धुळीचं एवढं वेड असलेला माणूस दसऱ्याला काय करायचा? डबा आडवा करून स्वतःच्या हाताने झाकण काढायचा. कॅमेरा, दिवे, स्टँड यांना कुंकू लावून झालं की कॉम्प्युटरची पाळी. मी म्हणायची, वरून लावा, पत्र्यावर. तुम्ही म्हणायचात, "पूजा पत्र्याची करू काय? काम तं आतले कार्डं करते." आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता सरळ वरून आत सोडायचात. मी ओरडायची, दाणे आत अडकतील. "अडकतीन तं अडकतीन. देवाचे हायेत."

मोबाइल आले, ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा झाला, आणि दुकान बंद करून आपण संजयकडे अमरावतीला आलो. कॉम्प्युटर आला, कॅसेटचं मशीन आलं आणि कॅसेटींनी भरलेलं लोखंडी कपाटही आलं. बाकीचे शूटिंगवाले काम झालं की मूळ कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरायचे. मी तुम्हालाही तेच सांगायची. "एवढ्या कॅसेटींचं लोणचं घालता काय?" तुम्ही एक पुसली नाही. म्हणायचात, त्यांच्या घरची हरवली तर ते कोणाकडे जातील. इथे येऊन मी एकदा भंगारवाल्याला हाक मारली, तर तुम्ही फाटकात जाऊन उभे राहिलात. नुसते उभे. तो बिचारा गेला पुढे.

या भांडणात तुम्ही जिंकलात. रेखा आली तेव्हा जिंकलात.

गुरुवारची दुपार होती. तुम्ही खाटेवर, नाकात नळी. दारात एक बाई उभी, वय चाळिशीचं, हातात पिशवी.

"मावशी, मी वलगावची रेखा. माह्या लग्नाचं शूटिंग भाऊनं केलं होतं. अकोल्यावरून आले होते. आता तुमी इथं राहता म्हनून कळलं."

तिला बसवलं, पाणी दिलं. तिने सगळं एका दमात सांगितलं. तिचा नवरा अकोल्याला एका सरकारी कचेरीत शिपाई होता. तो वारला. मूलबाळ नाही. आणि नवऱ्याच्या धाकट्या भावाने कचेरीत लिहून दिलं की माझ्या भावाचं लग्नच झालेलं नव्हतं, ही बाई नुसती राहत होती. लग्न वलगावच्या विहारात झालं, पण नोंदणी कोणी केली नाही. तिच्या आधारकार्डावर माहेरचंच नाव राहिलं. फोटोंचा अल्बम आणि लग्नाची कॅसेट सासरी होती आणि सासरचे विचारतात, कोणता अल्बम, कोणती कॅसेट. सोमवारी कचेरीत दोघांनाही बोलावलं होतं.

"पेन्शन तं पायजेच, मावशी, खाऊ काय?" ती म्हणाली. "पन तो मले भर वरांड्यात म्हने, तू कोन? इतके वर्ष त्याले जेवाले वाढलं मी."

तुम्ही खाटेवरून बोट हलवलंत. दोन शब्दांवर तिसरा तुम्हाला जमत नव्हता तेव्हा. "आडनाव?" तिने नवऱ्याचं आडनाव सांगितलं. तुम्ही कपाटाकडे पाहिलंत आणि वरून दुसऱ्या फळीकडे बोट केलंत. कॅसेट तिथेच होती.

संध्याकाळी संजय आला. म्हणाला, काका, आता बोटाएवढी वस्तू मिळते, माझ्या लॅपटॉपला लावली की कॅसेट आत येते. ऑनलाइन मागवतो. कधी येईल विचारलं तर म्हणाला, पुढच्या आठवड्यात. त्याने मागवली, आलीसुद्धा, चांगलीही असेल. पण सोमवार तिच्या आधी होता.

शुक्रवारी सकाळी रेखा पहिल्या गाडीने आली. मी आणि माधुरीने, आपल्या सुनेने, कॉम्प्युटर उचलून तुमच्या खाटेसमोर ठेवला. तो चालू झाला. मी कॅसेट लावली. आधी नुसत्या रेघा आल्या, मग पांढऱ्या साडीतली रेखा आली. हडकुळी पोरगी, मान खाली. बाजूला नवरा. समोर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या. आणि माइक हातात घेऊन एक पोरगा उभा, तेल लावून भांग पाडलेला.

रेखाने पडद्यावर बोट ठेवलं. "हा. हाच माहा दीर. यानंच नावं पुकारली होती."

पोरगा तोंड हलवत होता. आवाज नव्हता.

मी बटणं दाबून पाहिली, वायर हलवून पाहिली. काही नाही. रेखा म्हणाली, "इतक्या वर्षांनी चेहरे कोन ओळखते? तो म्हनन, दोस्ताचं लग्न हाये, मी माइक धरून उभा होतो. मावशी, आवाज पायजे."

तुम्ही म्हणालात, "साउंड... कार्ड." मग जरा थांबून, "दुसरी... खाच."

मला कळलं. खाच बाद झाली असेल, कार्ड चांगलं असेल. कार्ड तिथून काढून शेवटच्या खाचेत बसवायचं, जिथे आजवर काही बसवलंच नव्हतं. मी कॉम्प्युटर बंद केला, पिन काढली, कपाटाला हात लावला, स्क्रू काढला. माझे हात आता कापतात, पण तुमच्यापेक्षा कमी. कार्ड काढून दात खोडरबरने पुसले. शेवटच्या खाचेत धरून दाबलं. एक टोक आत गेलं, दुसरं वरच राहिलं. पुन्हा दाबलं. तेच. जास्त दाबलं तर कार्ड तडकेल म्हणून थांबले.

"बसत नाई," मी म्हटलं.

आणि भाऊजी, तुम्ही हसलात. कित्येक दिवसांनी. म्हणालात, "धूळ." मग दम गोळा केलात आणि माझ्याकडे बोट दाखवून उरलेलं पूर्ण केलंत. "तुमचं... झाकन."

मी डबा आडवा केला. माधुरीने मोबाइलचा उजेड धरला. मी खाचेत पाहिलं. धूळ होती थोडी. पण टोकाशी, तळाला, तीन-चार तांदूळ घट्ट अडकून बसले होते. कुंकवाने लाल झालेले. किती दसऱ्यांचे कोण जाणे.

माधुरीची भुवया कोरायची चिमटी घेऊन मी ते एकेक काढले आणि मुठीत धरले.

"काय... होतं?" तुम्ही विचारलंत.

"धूळ," मी म्हटलं.

माधुरीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. शहाणी आहे पोरगी, गप्प राहिली. तुम्ही समाधानाने डोळे मिटलेत. इतक्या वर्षांचं भांडण जिंकल्याचं समाधान होतं ते, मी ओळखते.

आता सांगते. तांदूळ होते, भाऊजी. तुमचे. मी तेव्हाच मूठ उघडून दाखवली असती, पण तुमच्याकडे भांडायला श्वास नव्हता आणि एकतर्फी भांडण मला आवडत नाही.

कार्ड बसलं. दात दिसेनासे झाले. कॉम्प्युटर लावला, त्याने नवं काही सापडलं म्हणून पडद्यावर पाटी दाखवली, मी हिरव्या खुणेवर दाबलं, आणि कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. आधी खरखर आली. मग लहान पोराचं रडणं आलं, मग कोणीतरी "ए, माइक चालू हाये काय" म्हणालं. आणि मग तो बोलला. भावाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव. रेखाचं पूर्ण नाव, तिच्या बापाचं नाव, वलगाव. आणि शेवटी हसत हसत, "आन् आजपासून रेखा माही वैनी. आता माह्या डब्याची चिंता मिटली." सारा मांडव हसला.

रेखा रडली नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, "आला." तुम्ही बोट वर केलंत. "पुन्हा." मी पुन्हा लावलं. तुम्ही तीनदा ऐकलंत. संध्याकाळपर्यंत सारी कॅसेट आत घेतली, संजयने पेनड्राइव्हवर दिली आणि तो पेनड्राइव्ह पिशवीत न ठेवता रेखाने रुमालात बांधून कमरेला खोचला.

ती गेल्यावर मी भाजी निवडायला बसले आणि तिच्या दिराचा विचार करत राहिले. मग माझ्या दिराचा.

भाऊजी, तरुण विधवा आणि बिनलग्नाचा दीर एका घरात राहतात, म्हटल्यावर गल्ली काय बोलत होती ते मला माहीत होतं. नळावर बाया माझ्यासमोरच आवाज बारीक करायच्या. तुमच्या कानावरही आलं असणार. त्यानंतरच कॉम्प्युटर आला आणि तुम्ही तो मागच्या थंड खोलीत न ठेवता दारात ठेवलात, काचेच्या आड, जिथे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिवसभर मी दिसेन, काम करताना, एकटी. गिऱ्हाइकाला कॉम्प्युटर दिसून काय करायचं होतं? गिऱ्हाइकाला कॅसेट पाहिजे होती. धूळ खाऊन तुमचा जीव की प्राण असलेला डबा खराब होईल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी दारात ठेवलात. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. हळूहळू त्या बायाच दारात थांबून काचेतून स्वतःच्या पोरींची लग्नं पाहायला लागल्या. "काकू, आमचं कधी होईन?" म्हणायच्या. बोलणं बंद झालं ते असं.

आभार मानायचे तर तेव्हाच मानायला हवे होते. पण मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "झाकन लावा आधी."

सोमवारी कचेरीत काय झालं ते रेखाने फोनवर सांगितलं. साहेबाने ते लावलं. दिराने स्वतःचा आवाज ऐकला. त्याची आई, जी आता नाही, ती चित्रात मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती. तो पडद्यावरच्या आईकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हाव. मीच हाये." साहेब म्हणाला, वर पाठवतो, निकाल कळवू. कळवू म्हणजे कधी, ते सरकारलाच माहीत.

मग तुम्ही रोज विचारायला लागलात. "रेखा?" मी म्हणायची, "अजून नाई." सकाळी "रेखा?", जेवताना "रेखा?" शेवटच्या दिवशीही आपलं बोलणं झालं ते एवढंच. तुम्ही विचारलंत, मी अजून नाई म्हटलं, तुम्ही मान हलवलीत, आणि दुपारी ते मशीन नुसतंच घरघरत राहिलं. लोक विचारतात, शेवटी काय म्हणाले. परक्या बाईचं नाव घेतलं हे सांगायला लाज वाटते, म्हणून मी सांगत नाही. तुम्ही कण्हला नाहीत, मला फार वेळ शोधत राहिला नाहीत, दवाखान्यात नळ्यांत अडकून पडला नाहीत, याचंच मला बरं वाटतं. मी तेवढंच मागत होते.

काल दुपारी रेखा आली. ऑटोवाल्याला बाहेर थांबवून, चपलाही न काढता दारातूनच म्हणाली, "मावशी, झालं. कागदावर माह्यं नाव आलं. बायको म्हनून."

मी तशीच उठले. "भाऊजी, ऐकलं काय," म्हणत तुमच्या खोलीत गेले. खोलीत खाट घडी करून भिंतीला लावलेली होती आणि माधुरीने मधल्या जागेत चादर अंथरून त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. कडेच्या दोन मिरच्या मी चादरीवर आत सरकवल्या. मग बाहेर येऊन रेखाला म्हटलं, ऑटो सोडून दे, बस, चहा ठेवते.

ती चहा पिऊन गेली आणि मी हे लिहायला घेतलं. सांगायचं एवढंच होतं, भाऊजी. रेखाचं झालं.